मोरस साखरेच्या बेटावर

आमच्या आजीच्या तोंडी पांढऱ्या साखरेला नुसते 'साखर' असे नाव नव्हते. ती तिला 'मोरस साखर' म्हणायची. निपाणीच्या आमच्या जुन्या घरात दिवाळीआधी पंधरा दिवस फराळाची तयारी सुरू झाली, की कोठीतल्या डब्यांवरून तिचा आणि माझ्या आईचा हमखास वाद व्हायचा. अनारसे गुळाचेच झाले पाहिजेत, मोरस साखर नैवेद्याला चालत नाही, ती हाडाच्या कोळशातून गाळतात, असे आजीचे म्हणणे. आई बिचारी मुकाट्याने साखर पुन्हा डब्यात ओतायची. 'मोरस म्हणजे काय गं?' असे मी एकदा विचारले, तेव्हा हातातले काम न थांबवता आजी म्हणाली, 'असंल कुठलं तरी गाव. समुद्रापल्याडचं.'

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि मोरस म्हणजे मॉरिशस, हे एका जुन्या शब्दकोशाने मला सांगितले. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरणारी पांढरी साखर या बेटावरून येई, आणि बेटाचे नाव साखरेला चिकटले. साखर तिकडून येत होती त्याच काळात माणसे इकडून तिकडे जात होती. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. ती उसाच्या मळ्यांवर राबली, तिथेच राहिली. आजही त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते.

आपल्या सीमाभागात नव्या माणसाशी ओळख करून घेताना एक प्रश्न ठरलेला असतो : 'तुम्ही मूळचे कुठले?' एस. टी.त शेजारी बसलेला माणूस विचारतो, घर भाड्याने देणारा विचारतो, आणि मुलीचे स्थळ बघताना तर तो विचारावाच लागतो. या प्रश्नात साधी चौकशी असते, कधी आपुलकी असते, आणि कधी त्याला धारही असते. या प्रश्नाकडे बघण्याची माझी नजर मोरसच्या बेटाने थोडी बदलली. कशी, ते सांगण्यासाठी हा लेख.

* * *

आधी थोडा इतिहास. मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात ज्वालामुखीतून वर आलेले बेट. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याएवढे. लाखो वर्षे तिथे माणूस नव्हता. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. वाघ नाही, कोल्हा नाही, उंदीरसुद्धा नाही. त्यामुळे पक्ष्यांना उडून पळण्याची गरज उरली नाही आणि त्यांतले काही उडणेच विसरले. डोडो हा त्यांतलाच एक. गवत आणि पाला खाणारी जनावरे म्हणजे मोठमोठी कासवे. आपल्या रानात गव्याचे आणि सांबराचे जे काम, ते तिथे कासवांकडे होते.

१५९८ मध्ये डच जहाजे तिथे लागली. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरित्सचे नाव बेटाला दिले आणि १६३८ मध्ये वस्ती केली. त्यांना हवे होते ते काळेभोर, जड आबनुशी लाकूड. त्यांनी झाडे तोडली, हरणे आणली, ऊसही त्यांनीच आणला. जहाजांतून माकडे, डुकरे आणि उंदीर उतरले. पुढचे सगळे फार झपाट्याने झाले. १६६२ मध्ये जहाज फुटून अडकलेल्या एका खलाशाने किनाऱ्याजवळच्या एका लहानशा बेटावर डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. खात्रीची म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात ती हीच शेवटची नोंद. म्हणजे माणूस उतरल्यापासून चौसष्ट वर्षांत कारभार आटोपला. खलाशांनी डोडो मारून खाल्ला, म्हणून तो संपला, असे आम्ही वर्गात सांगत असू. ते अर्धेच खरे. डोडोचे घरटे जमिनीवर. त्यातली अंडी उंदीर, डुकरे आणि माकडे खात राहिली. मारणाऱ्याचा हात दिसतो, पण आणून सोडणाऱ्याचा हात इतिहासात सहसा दिसत नाही, हा धडा मी फार उशिरा शिकलो.

१७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि १७२१ पासून वसाहत केली. मळ्यांवर राबायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. याच फ्रेंच अमदानीत पियेर प्वाव्र नावाचा एक विचारी कारभारी होऊन गेला. रान तुटले की पाऊस आटतो, अशी त्याची समजूत होती. १७६९ मध्ये त्याच्या कारकिर्दीत असा नियम झाला, की प्रत्येक जमीनमालकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा रान म्हणून राखावा, आणि तोही शक्यतो डोंगरउतारावर. इकडे माधवराव पेशवे कर्नाटकच्या मोहिमा काढत होते त्या काळातली ही गोष्ट. नियम चांगला होता. पण नियमापेक्षा उसाचा भाव मोठा ठरला.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात आले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून तिथे गेली. कलकत्त्याहून बिहार-उत्तर प्रदेशातली, मद्रासहून तमिळ-तेलुगू आणि मुंबईहून आपली, मुख्यतः रत्नागिरीकडची. त्या वेळी आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही रत्नागिरीतच होता. जिथे ही माणसे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो. त्याच्या दगडी पायऱ्यांवर मी उभा राहिलो तेव्हा आजीची आठवण झाली. तिला मोरसची साखर तेवढी माहीत होती; ती पिकवणारे हात सावंतवाडीच्या घाटाखालचे असू शकतील, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

मॉरिशसच्या उसाच्या फडांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात; काही तर घरापेक्षा उंच. जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. नांगर चालावा म्हणून गुलामांनी आणि नंतर गिरमिटियांनी एकेक दगड हाताने उचलून ते ढीग रचले. रान तोडले तेही त्याच हातांनी. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्याला मुकादमाच्या परवानगीशिवाय मळा सोडता येत नव्हता, त्याला कुठले झाड राखावे हे कोण विचारणार? पण परिणाम तर झालाच. आज या बेटावर चांगल्या स्थितीतले मूळचे रान दोन टक्क्यांपेक्षाही कमी उरले आहे.

* * *

हिंदुस्थानातून मॉरिशसला केवळ माणसेच गेली नाहीत. टोळधाडीवर उपाय म्हणून फ्रेंचांनी अठराव्या शतकात आपली साळुंकी नेली. जहाजांच्या मालातून आपली चिचुंद्री गेली. १८९२ मध्ये शिपाई बुलबुल गेला, तो आता रानभर परक्या झाडांच्या बिया पसरवतो. १९०० च्या सुमारास प्लेग आला तेव्हा उंदीर मारावेत म्हणून मुंगूस नेले. मुंगसाने उंदीर काही संपवले नाहीत, पण पक्षी मात्र खाल्ले. आपल्या अंगणात बुलबुल आला तर आपण मुलांना हाक मारून दाखवतो. तिथले लोक त्याच्याकडे आपण गाजरगवताकडे बघतो तसे बघतात. दोष बुलबुलाचा नाही, जागेचा आहे. आणि जागा त्याने निवडलेली नव्हती.

१९७४ पर्यंत पाळी इथवर आली, की मॉरिशसचा स्वतःचा छोटा ससाणा जगात फक्त चार उरल्याचे माहीत होते. रान तुटले होते, माकडे-मुंगसे माजली होती, आणि हिवतापाच्या डासांवर वर्षानुवर्षे मारलेले डीडीटी त्याच्या अंगात भिनले होते. गुलाबी कबुतरे १९९० च्या आसपास रानात दहाएक उरली. हिरवा 'एको' पोपटही १९८० च्या दशकात दहाबाराच्या घरात होता.

जेराल्ड ड्युरेल हे इंग्रज लेखक आणि प्राणिसंग्राहक १९७६ साली तिथे गेले. जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी दुर्मीळ जाती वाढवण्याचे काम चालवले होते. कार्ल जोन्स हा वेल्समधला तरुण १९७९ मध्ये मॉरिशसला आला, तो खरे तर ससाण्याचा प्रकल्प गुंडाळण्यासाठी. पैसा वाया जातोय, हा पक्षी काही वाचत नाही, असे वरिष्ठांचे मत. जोन्सने गुंडाळायचे सोडून वाढवायला घेतले. त्याची युक्ती आपल्या कोंबडी पाळणाऱ्या बायकांना चटकन कळेल : पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिल्ले हाताने भरवून मोठी करायची, मग रानात सोडायची. रानात चांगल्या ढोली उरल्या नव्हत्या, म्हणून लाकडी पेट्या टांगायच्या. चारांचे काही शे ससाणे झाले. गुलाबी कबुतरेही चारशेच्या वर गेली आणि २०१८ मध्ये त्यांना धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आणले गेले. ही संख्या मोठी नाही आणि लढाई संपलेलीही नाही. ससाणा पुन्हा घटू लागल्याने २०१४ मध्ये त्याला एक पायरी वर चढवावे लागले. पण 'गुंडाळा' म्हणून सांगितलेले काम न गुंडाळल्याचा हा परिणाम आहे.

पक्षी वाढवून सोडायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. घर नसेल तर पाहुणा किती दिवस राहणार? म्हणून किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर लक्ष गेले. मुख्य बेटाच्या उत्तरेला बावीस किलोमीटरवर राऊंड आयलंड नावाचे सुमारे दोनशे वीस हेक्टरांचे खडकाळ बेट आहे. त्याचे भाग्य असे, की तिथे उंदीर कधी पोचलाच नाही. दुर्भाग्य असे, की एकोणिसाव्या शतकात कुणी तरी तिथे शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी कोवळा अंकुर म्हणून शिल्लक ठेवला नाही. झाडे गेली आणि पावसाने माती समुद्रात वाहून नेली. पालापाचोळ्यात बिळे करून राहणारा एक बोआ साप तिथे १९७५ मध्ये शेवटचा दिसला, पुन्हा कधी दिसला नाही. शेवटच्या शेळ्या १९७९ मध्ये मारल्या, १९८६ मध्ये न्यूझीलंडहून माणसे बोलावून ससे संपवले. आणि मग न लावलेले काही काही आपसूक उगवू लागले. बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचे ताड, जे जगात रानटी स्थितीत फक्त इथेच आणि तेही मोजकेच उरले होते, त्यांची रोपे वर आली. सापसुरळ्या वाढल्या. दुसऱ्या जातीचा बोआ वाचला.

ससे आणि शेळ्या मारल्या हे वाक्य लिहिताना माझी लेखणी अडखळते, हे कबूल केले पाहिजे. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला विषाने ससे मारण्याची गोष्ट सुखाची वाटत नाही. पण न मारणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत कुणी तरी मोजतो. त्या बिळातल्या बोआने ती मोजली.

* * *

मी प्रत्यक्ष पाहिले ते दुसरे बेट. २०१७ साली निवृत्त शिक्षकांच्या एका सहलीबरोबर मी मॉरिशसला गेलो होतो. बाकीची मंडळी बाजारहाटाला गेली तेव्हा मी आणि आणखी एक शिक्षक माएबूर गावाजवळून होडीने 'ईल ओ झेग्रेत' या बेटावर गेलो. नावाचा अर्थ बगळ्यांचे बेट. किनाऱ्यापासून एक किलोमीटरसुद्धा नाही, आणि आकार अवघा सव्वीस हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बागाईतदाराची जमीन एवढी असते. प्रवाळाच्या चुनखडीचे हे बेट कोरडे आणि खरबरीत आहे. किनाऱ्यावरचे रान पूर्वी कसे होते, याचा हा शेवटचा तुकडा.

त्याचेही हाल काही कमी झालेले नव्हते. जळणासाठी झाडे तोडली, शेळ्या चरल्या, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफा बसवल्या. १९६५ मध्ये ते राखीव केले, तरी राखणारे कुणी नव्हते. १९८४ मध्ये मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था निघाली आणि पुढे तिने हे बेट हातात घेतले. १९९१ मध्ये उंदीर हटवले. मग वर्षानुवर्षे एकच काम : परकी झाडे हाताने उपटायची आणि रोपवाटिकेत वाढवलेली तिथली झाडे लावायची.

आम्हाला बेट दाखवायला एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. तिच्या छातीवरच्या पाटीवरचे आडनाव वाचून मी थांबलो. ते आडनाव नव्हतेच, कोकणातल्या एखाद्या आजोबाचे पाळण्यातले नाव होते. बंदरातल्या कारकुनाने मजुराचे पहिले नाव लिहून घेतले, आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव म्हणून चिकटले. घरी ती क्रिओल बोलते, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकली आणि मराठी हा विषय घेतला होता. मी शिक्षक असल्याचे कळल्यावर ती मला 'गुरुजी' म्हणू लागली. तिचे मराठी अडखळत होते, पण गणपतीची आरती मात्र एका दमात येत होती.

'तुम्ही महाराष्ट्रातून आलात, गुरुजी?'

'नाही. कर्नाटकातून.'

'पण तुम्ही तर मराठी!'

'हो. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. मग नकाशा नव्याने काढला. आम्ही जागेवरच होतो, रेघ हलली.'

ती थोडा विचार करून म्हणाली, 'आमचं उलटं. रेघ तिथेच राहिली, आम्ही हललो.'

पुढे वाटेवर तिने एका बुटक्या, काळसर सालीच्या झाडावर हात ठेवला. हे तिथले आबनूस. याची ही जात मुख्यतः याच बेटावर वाचली आहे. शास्त्रीय नाव ऐकले आणि मी चमकलो : डायोस्पायरॉस. म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे भावंड! निपाणीत ज्या पानात तंबाखू भरून बायकांनी पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या, त्या पानाच्या कुळातले झाड इथे राखीव म्हणून जपले जात होते.

आणखी थोडे पुढे उपटलेल्या रोपांचा ढीग होता. बारीक संयुक्त पाने, चपट्या शेंगा. ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. सुबाभूळ! याच सुबाभळीने इथल्या आबनुसाचा कोंडमारा केला होता, आणि तिच्याशी झगडण्यात या लोकांची वर्षे गेली होती. मी काही बोललो नाही, कारण मला आमच्या शाळेमागची टेकडी आठवली. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाचे वारे वाहत होते तेव्हा मी स्वतः सातवी-आठवीच्या मुलांना रांगेने नेऊन त्या उघड्या टेकडीवर सुबाभूळच लावली होती. लवकर वाढते, जळण होते, जनावरे खातात. सगळे खरे होते. आज त्या टेकडीवर सुबाभळीखेरीज फारसे काही नाही.

मग कासवे दिसली. ती मूळची या बेटावरची नाहीत. मॉरिशसच्या स्वतःच्या दोन्ही जातींची मोठी कासवे खलाशांनी जहाजे भरभरून नेली आणि खाऊन संपवली. ही आहेत सेशेल्सजवळच्या अल्दाब्रा बेटांवरची. तीही संपण्याच्या बेतात आहेत म्हणून डार्विन आणि इतर शास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून त्यांना वाचवण्याची विनंती केली होती. तीच जात २००० मध्ये या बेटावर सोडली, मेलेल्या कासवांच्या जागी कामाला. आबनुसाची फळे खाली पडून आईच्या पायथ्याशीच कुजत. नवी रोपे दूर जातच नव्हती. कासवांनी फळे खाल्ली, बिया पोटातून दूर नेऊन टाकल्या, आणि जिथे पूर्वी झाडे तोडली होती तिथे आबनुसाची रोपे उगवली. पोटातून गेलेली बी अधिक चांगली रुजते, असेही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी म्हणालो, 'कासव बाहेरचं, त्याला तुम्ही आणता. सुबाभूळ बाहेरची, तिला उपटता. हे कोण ठरवतं?'

ती म्हणाली, 'तो कधी आला, ते आम्ही बघतोच, गुरुजी. पण तेवढंच बघत नाही. त्याच्या सावलीत दुसरं काही उगवतं का, तेही बघतो.'

तिने आणखी एक उदाहरण दिले. राऊंड आयलंडवर पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. ते विसाव्या शतकात आपणहून आले. त्यांचे नातलग अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांतल्या बेटांवर. इथे वेगवेगळ्या जाती एकमेकींत मिसळल्या आणि त्यांची मिश्र वस्ती झाली. त्यांना कुणी हाकलत नाही. ते कुणाच्या मुळावर आले नाहीत म्हणून ते तिथले मानले जातात, आणि त्यांच्याच राखणीसाठी माणसे त्या खडकावर महिनोन् महिने राहतात.

इथे इतिहासाच्या शिक्षकाने एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. 'मूळचे' आणि 'उपरे' हे झाडापाखरांचे शब्द माणसांना लावण्याचा मोह होतो, आणि तो लावला की काय होते हे गेल्या शतकाने पुष्कळ दाखवले आहे. माणसाला माणूस उपटता येत नाही, येऊ नये. बुलबुलाला आपण कुठे येऊन पडलो हे कळत नाही. माणसाला कळते, आणि कळल्यावर तो वागणे बदलू शकतो. गिरमिटियाची पणती त्याच मातीत आबनूस लावते, हे बुलबुलाला जमणारे नाही. मला त्या मुलीचे वाक्य एवढ्यासाठीच आवडले, की त्यात प्रश्न दुसऱ्याला न विचारता स्वतःला विचारता येतो : माझ्या सावलीत दुसरे काही उगवते का?

* * *

२०२० च्या जुलैमध्ये मी टाळेबंदीमुळे घरात अडकलो होतो तेव्हा बातमी आली. 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे प्रचंड जहाज २५ जुलैला मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळखडकावर चढले होते. ६ ऑगस्टला ते फुटून तेल गळू लागले. सुमारे हजार टन तेल निळ्या खाडीत पसरले. नकाशा काढून पाहिला तर जवळच बगळ्यांचे बेट! तिथल्या रोपवाटिकेतली रोपे, काही छोटे पक्षी आणि पाली-सापसुरळ्या घाईघाईने होडीत घालून हलवाव्या लागल्या.

तेल अडवायला तरंगते बांध लागतात, आणि ते पुरेसे नव्हते. तेव्हा लोक स्वतः किनाऱ्यावर जमले. हजारो लोक. त्यांनी कापडाच्या आणि जाळीच्या लांबच लांब नळ्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या, आणि त्या समुद्रात सोडल्या. छायाचित्रांत हिंदू होते, मुसलमान होते, क्रिओल होते, चिनी वंशाचे होते. हातातोंडाला काळे तेल माखलेले. त्यांत ती मुलगी होती की नाही, मला ठाऊक नाही.

मी त्या छायाचित्रातल्या पाचटाकडे बराच वेळ बघत होतो. ज्या उसासाठी त्या बेटाचे रान गेले, ज्यासाठी माणसे जहाजात कोंबून आणली, त्याच उसाचे पाचट त्या रानाचा शेवटचा तुकडा वाचवायला पाण्यात उतरले होते. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात तोडणी झाली, की आपण तेच पाचट फडात पेटवतो आणि गावावर धूर धरतो.

त्या पावसाळ्यानंतर मी शाळेमागच्या टेकडीवर पुन्हा जाऊ लागलो. माझ्याबरोबर शेजारचे एक कन्नड शाळेतले निवृत्त मास्तर असतात. सुबाभळीची पोरटी उपटतो, खड्डे करतो, पावसात रोपे लावतो. मी जांभूळ म्हणतो, ते नेरळे म्हणतात. मी करंज म्हणतो, ते होंगे म्हणतात. झाड दोन्ही नावांना सारखेच उगवते. कधी माझे जुने विद्यार्थी आपल्या मुलांना घेऊन येतात. त्यांतल्या एकाने हसत विचारले, 'सर, ही सुबाभूळ तर तुम्हीच आमच्याकडून लावून घेतली होती ना?' मी म्हटले, 'हो बाबा. म्हणूनच ती उपटायला मी पहिला.'

लावलेल्यांपैकी निम्मी रोपे उन्हाळ्यात गेली. एक टेंभुर्णी मात्र जगली आहे. अजून गुडघ्याएवढीच आहे, पण यंदा तिला नवी पालवी फुटली. दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन तिथे जाईन म्हणतो, आणि त्याला मोरस साखरेची गोष्ट सांगेन.